पुढच्या रांगेतला सोफा

मागच्या हिवाळ्यात भाचीच्या रिसेप्शनला पाहुण्यांच्या बसण्याचं काम माझ्याकडे आलं. "मावशी, तू बँकेत होतीस, तुला हिशेब जमतो," एवढीच माझी पात्रता. मी वही घेतली, हॉलवर जाऊन टेप लावून आले आणि घरच्या बैठकीत पहिलाच प्रश्न टाकला, की कोण कुठे बसणार? दाजींना प्रश्नच कळला नाही. "बसणार म्हणजे? खुर्च्या असतात की तिथे. पुढे दोन सोफे टाकू, झालं."

ते दोन सोफे माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाहीत. कार्यालय नाशिकचं असो नाहीतर कऱ्हाडचं, स्टेजसमोर ते असतातच. मखमली कव्हर, पुढे काचेचा टीपॉय, त्यावर पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणि एक प्लास्टिकचा गुलदस्ता. त्यांच्यामागे खुर्च्यांच्या रांगा, सरकवून सरकवून वाकड्या झालेल्या. सोफ्यावर कोणी बसायचं हे कुठे लिहिलेलं नसतं, पण कोणी बसायचं नाही हे प्रत्येकाला ठाऊक असतं. माझ्या आत्याचं वय ८३, दोन्ही गुडघे गेलेले. एका लग्नात ती सोफ्याच्या कडेला टेकली, तर एका स्वयंसेवकाने तिचं कोपर धरून अगदी अदबीने सांगितलं, "आजी, तुम्ही इकडे या ना, इथे साहेब येणार आहेत." साहेब दीड तासाने आले आणि चार मिनिटं बसले. मधला सगळा वेळ सोफ्यावर कोणीच नव्हतं.

पाहुण्यांच्या बसण्याची आखणी म्हटलं की लोकांना ते मोठ्या हॉटेलातलं थेर वाटतं. गोल टेबल, टेबलावर नंबर, खुर्चीपुढे नावाची चिठ्ठी. आपल्याकडे कसं, यावं आणि मिळेल तिथे बसावं. हे मला पटत नाही. आखणी आपण पूर्वीपासून करतो आणि बारकाईने करतो. फक्त ती मानाच्या हिशेबाने करतो, माणसाच्या गरजेच्या हिशेबाने नाही. आणि न बोलता करतो, त्यामुळे तिच्याबद्दल कोणाला जाबही विचारता येत नाही.

पंगत आठवा. केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ वर मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये वरणभाताची मूद आणि तिच्यावर तूप. तूप पडल्याशिवाय हात लावायचा नाही. ज्या लोकांनी मिठाची जागा ठरवून ठेवली त्यांनी माणसाची जागा मोकळी सोडली असेल, हे संभवतच नाही. विहिणींची पंगत ही तर आसनव्यवस्थेची परिसीमा होती. चांदीची ताटं, ताटाभोवती महिरपीची रांगोळी, उदबत्त्या, कोणाचा पाट कोणाशेजारी हे आधी ठरलेलं. वरमायेच्या पाटाला एक फूल कमी पडलं म्हणून रुसवा निघाल्याची गोष्ट प्रत्येक घरात एक तरी असते. आमच्या घरात तीन आहेत.

मराठीत 'पंक्तिप्रपंच' असा एक शब्द आहे. एकाच पंगतीला बसलेल्यांना वाढताना भेद करायचा. यजमानाच्या जावयाला जिलेबी चार वेळा, आणि टोकाला बसलेल्या लांबच्या पाहुण्याकडे येईपर्यंत पातेलं रिकामं. या दोषाला स्वतंत्र नाव द्यावं लागलं, म्हणजे तो किती नित्याचा असेल पाहा. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसलं तरी चालतं असं आपण हसत म्हणतो, पण ज्याच्या ओळखीचा वाढपी नाही त्याचं काय, हे त्या हसण्यात राहून जातं.

म्हणून पंगतीच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांत मी नाही. आमच्याकडे बायकांची पंगत शेवटची असायची. दुपारी साडेतीन वाजता, गार झालेला मसालेभात, तळाशी गेलेला मठ्ठा, आणि पुरुषांच्या पंगतीनंतर घाईने पुसलेली, अजून ओली असलेली फरशी. ज्यांनी पहाटे चारपासून काम केलं त्या सगळ्यात शेवटी बसत. जातीचा भाग तर याहून कडू. कोणी कोणाच्या शेजारी बसून काय तोंडात घातलं, यावर या राज्यात सार्वजनिक खटले चालले आहेत. पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं पुढे आली. नुसता चहा. हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि रानडे, टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं. पुढे समाजसुधारक अनंत हरी गद्र्यांनी झुणका-भाकरीचे सत्यनारायण घातले ते याच भिंतीला धडक द्यायला. पूजेला दलित दांपत्य बसवायचं आणि प्रसाद म्हणून झुणका-भाकर सगळ्यांनी एकत्र बसून खायची. बाबासाहेबांनी मात्र १९३६ सालीच लिहून ठेवलं होतं, की सहभोजनाने जात मरत नाही, ती मरायची तर आंतरजातीय लग्नंच लागायला हवीत. म्हणजे बसण्याच्या प्रश्नाचं शेवटचं उत्तर लग्नातच आहे, आणि त्या लग्नाच्या मांडवात आपण पुन्हा बसण्याचाच घोळ घालून ठेवतो.

मग बुफे आला. तो आला तेव्हा माझ्यासारखीला बरंच वाटलं होतं. पहिली पंगत नाही, शेवटची पंगत नाही, बायकांनी थांबायचं नाही, शेजारी कोण बसलंय हा प्रश्न नाही, कारण बसायचंच नाही. ताट घ्या आणि रांगेत उभे राहा. वरवर पाहिलं तर ही समताच. पण ती धडधाकट माणसांपुरती. एका हातात ताट, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास, काखेत पर्स, आणि खायचं कोणत्या हाताने? कडेवर मूल असलेली बाई, काठी टेकणारे काका, हात थरथरणारा माणूस, हे सगळे या समतेच्या बाहेर. त्यांच्यासाठी भिंतीलगत दहा-वीस खुर्च्या लावलेल्या असतात, आणि तिथे कोणीतरी त्यांना ताट आणून देतं. आत्याला कोणी असं विचारताना मी पाहिलंय. भाचा विचारतो, "आत्या, काय काय आणू?" आणि जिने पन्नास वर्षं घरच्या प्रत्येक कार्याचा स्वयंपाक निभावला, मसालेभातात गोडा मसाला किती पडलाय हे वासावरून सांगितलं, ती म्हणते, "आण काहीही." निवडायला काउंटरपर्यंत जाता येत नाही म्हणून निवडच सोडून द्यायची. त्या 'काहीही' मध्ये जे काय आहे त्याला पंक्तिप्रपंचच म्हणायला हवं, फक्त वाढपी दिसत नाही.

आता रिसेप्शन. मराठी लग्नात हा प्रकार तसा उपराच. जुन्या रीतीत यजमान हात जोडून पंगतीतून फिरायचा, "सावकाश होऊ द्या" म्हणायचा, नवी सून तूप किंवा गोड वाढायला यायची. पाहुणा बसलेला आणि घरचे त्याच्याकडे येणारे. रिसेप्शनने ही दिशाच उलटी केली. नवराबायको स्टेजवर सिंहासनाच्या खुर्च्यांपुढे उभे, आणि पाहुणे पाकीट हातात धरून रांगेत. बिचारे तेही उभेच, तीन तास.

या रांगेचा हिशेब मी वहीत मांडला. आमच्याकडे ४२० पाहुणे धरले होते. कुटुंबाकुटुंबाने मिळून स्टेजवर जाणारे सुमारे १५० गट. प्रत्येक गटाचं चढणं, भेटणं, "अरे, चष्मा काढ", "आजी, जरा इकडे बघा", फोटो, उतरणं, असं सगळं मिळून अगदी घाई केली तरी ४५ सेकंद. १५० गुणिले ४५ म्हणजे ६,७५० सेकंद, म्हणजे जवळजवळ ११३ मिनिटं. समारंभ सात ते दहा. आठला आलेल्या माणसाने नऊपर्यंत रांगेत उभं राहावं, हे गणितातच लिहिलेलं आहे. त्यात कोणाची चूक नाही, आणि म्हणूनच ते कोणी दुरुस्त करत नाही. दर लग्नात आपण तीच रांग लावतो आणि दर लग्नात "केवढी गर्दी!" म्हणून आश्चर्य करतो.

आणि त्या रांगेच्या शेवटी पायऱ्या. आमच्या हॉलचं स्टेज अडीच फूट उंच होतं. चार पायऱ्या, कठडा नाही, वर सॅटिनचं कापड ताणलेलं, म्हणजे पायरीची कड दिसूच नये अशी सोय. व्हीलचेअरसाठीच्या उताराचं मान्य प्रमाण एकास बारा आहे. अडीच फूट चढायचं तर तीस फूट लांब उतार लागतो. मी व्यवस्थापकांना विचारलं, तर त्यांनी कोपऱ्यात उभी करून ठेवलेली सहा फुटी फळी दाखवली. "आम्ही खुर्ची उचलूनच वर घेतो, मॅडम. चार पोरं असतात." दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. आणि माझ्या आत्याला गणपतीसारखं उचलून चारशे माणसांसमोर स्टेजवर ठेवायचं, ही आपली सोय.

साहेबांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. शहरात हा रोग थोडा कमी दिसतो, तालुक्याच्या गावी लग्नाला जा. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. साडेबाराला माइकवरचा माणूस नावं पुकारायला लागतो. आजी आले, माजी आले, भावी आले, कारखान्याचे, पतसंस्थेचे, बाजार समितीचे आले. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ. मग दोघातिघांचे शुभाशीर्वाद, त्यात आगामी निवडणूक. मांडवात लोक हातात अक्षता घेऊन बसलेले, उन्हाने पत्रा तापलेला, आणि नवरी आत खोलीत शालूत घामाघूम. मी एका लग्नात मुहूर्तानंतर एक तास दहा मिनिटांनी 'शुभमंगल सावधान' ऐकलं. ज्योतिषाने मिनिटावर काढलेला मुहूर्त पुढाऱ्याच्या गाडीसाठी थांबतो, यावर श्रद्धाळूंनीही कधी आक्षेप घेतल्याचं मला आठवत नाही. पण नुसतं पुढाऱ्यांना बोलून काय उपयोग? सोफा त्यांनी मागितलेला नसतो. तो आपण टाकतो. साहेब आपल्याकडे आले हे गावाला दिसावं म्हणून तो पुढे असतो. पाहुणा बसण्यासाठी नाही, दिसण्यासाठी बसवलेला.

दुसरी एक जागा अशी आहे जी कोणी कोणाला दाखवत नाही, पण ती व्यक्ती आपणहून तिथे जाऊन बसते. नवऱ्या मुलाची विधवा आई. मंगलाष्टकांच्या वेळी ती तिसऱ्या-चौथ्या रांगेत दिसते, औक्षणाला काकू पुढे होते. कोणी तिला मागे जा म्हणालेलं नसतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव बांगड्या फोडण्याबद्दल, कुंकू पुसण्याबद्दल असतो. मांडवातल्या खुर्चीबद्दल ठराव कोण करणार? तिथे घरातल्याच कोणीतरी आधी ठरवून, तिचं नाव घालून, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवावी लागते. "मिळेल तिथे बसा" म्हटलं की ती मागेच बसते. ज्यांना मागे राहायची सवय लावलेली आहे, त्यांच्यासाठी मोकळी व्यवस्था मोकळी नसते. म्हणून मी लेखी आखणीच्या बाजूची आहे.

यावर घरात जे आक्षेप आले ते खोटे नव्हते. पहिला दाजींचा. आपल्या पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' असतं, किती येणार हे विचारणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. खरं आहे, पण केटररला ताटांचा आकडा द्यावाच लागतो, आणि तो देताना आपण अंदाजाने माणसं मोजतोच. मनात मोजलं तर आदरातिथ्य आणि विचारून मोजलं तर अपमान, हे काही मला उमगलं नाही. शिवाय मोजणं आपण शिकलेलो आहोत. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने लग्नाला २५ माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली, मोडली तर ५० हजार दंड. त्या वर्षी सख्ख्या मामाला वगळायचं की चुलत्याला, असले निर्णय घराघरांत झाले आणि नाती टिकली. त्या लग्नांचं मला कौतुक नाही, पण एक गोष्ट होती. आलेला प्रत्येक माणूस बसलेला होता.

दुसरा आक्षेप माझ्या बहिणीचा, आणि तो जास्त वजनाचा. "एकदा का टेबल लिहून दिलं की भांडण लागलं. आमच्या मामांना सातवं आणि त्यांच्या मामांना दुसरं का, याचं उत्तर तू देणार का?" तिचं म्हणणं असं की धूसरपणात सगळ्यांची अब्रू झाकलेली राहते. यात तथ्य आहे. मान हा आपल्याकडे नुसता पोकळ डौल नसतो. ज्या मामाने बहिणीच्या संसाराला अडीअडचणीत हात दिला, त्याला पुढे बसवणं ही त्याची परतफेडच असते, आणि ती दुसरीकडे कुठे करता येत नाही. म्हणून मी मान बाद करा म्हणत नाही. मानाला त्याच्या जागा आहेत. फेटा बांधा, आहेर करा, माइकवर नाव घ्या. पण खुर्ची शरीरासाठी असते. ती कोणाला आधी द्यायची हे गुडघ्यांना विचारावं, कानांना विचारावं, रात्री नऊला इन्सुलिन घेऊन लगेच जेवायला लागणाऱ्या माणसाला विचारावं. आणि एकदा हा नियम सगळ्यांना आधीच सांगून टाकला की मामांना सातव्या टेबलाचं वाईट वाटायचं कारण उरत नाही, कारण दुसऱ्या टेबलावर त्यांच्यापेक्षा मोठा मानकरी नसून वॉकर घेतलेल्या काकू असतात.

माझ्याच वहीतली एक चूकही कबूल करते. पाहुण्यांसाठी मी सगळं आखलं, आणि ड्रायव्हर, फोटोवाले, सनईवाले, केटररची पोरं यांचा विचारच केला नव्हता. ही माणसं मागच्या बाजूला गॅसच्या सिलिंडरजवळ, उभ्याने, अकरा वाजता जेवतात. ते भाचीने दाखवून दिलं. "मावशी, बसचे ड्रायव्हरकाका कुठे बसणार?" मी टेबलं मोजत होते, ती माणसं मोजत होती. शेवटी दोन टेबलं त्यांच्यासाठी लिहिली, मागे नाही, खिडकीकडची.

तर आम्ही काय केलं. हॉल साठ बाय नव्वद, म्हणजे ५,४०० चौरस फूट. स्टेज, काउंटर आणि येण्याजाण्याची वाट यात तिसरा हिस्सा गेला. राहिलेल्या जागेत पाच फुटी गोल टेबलं तीस बसली, खुर्च्या मागे सरकवल्यावर मधून व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवून. टेबलाला दहा खुर्च्या, पण माणसं नऊच लिहायची. दहावी खुर्ची रिकामी. स्टेजवर कोणी चढायचं नाही. नवराबायको खाली उतरणार, प्रत्येक टेबलावर त्या दहाव्या खुर्चीवर आळीपाळीने टेकणार, तीन मिनिटं बोलणार, तिथेच फोटो. तीस टेबलं, नव्वद मिनिटं. रांगेच्या ११३ मिनिटांपेक्षा तेवीस कमी, आणि उभं कोणीच नाही. सगळे ४२० एका वेळी येत नाहीत, त्यामुळे उठलेल्यांच्या जागी पुढचे बसत गेले. टेबलांना नंबर दिले नाहीत, नद्यांची नावं दिली. गोदावरीला कोणाचा आक्षेप नव्हता. पांझरेवर बसलेले एक गृहस्थ मात्र बराच वेळ विचारत होते की गोदावरी स्टेजच्या जवळ आहे का.

दोन सोफे दाजींनी तरीही टाकलेच. मी हरकत घेतली नाही. त्यांवर आधीच चार आज्या बसवून ठेवल्या, आणि साहेब आले तेव्हा त्यांना कावेरी टेबल दाखवलं. ते बसले, नऊ माणसांत बसले, मठ्ठा दोनदा मागून घेतला. पंधरा मिनिटं होते. बरोबरच्या माणसांचीच चुळबुळ चालली होती.

सगळं वहीबरहुकूम झालं असं नाही. दहाव्या खुर्च्यांचा आमचा बेत तासाभरातच ढासळला. निम्म्या खुर्च्यांवर पर्सा, शाली, आहेराची पाकिटं आणि एकावर झोपलेलं मूल. आत्याच्या टेबलाशी भाची पोचली तेव्हा तिथली खुर्ची कोणीतरी दुसऱ्या टेबलाला ओढून नेलेली होती. भाची पैठणी सावरत आत्याच्या खुर्चीजवळ खाली वाकायला लागली. आत्याने वॉकर पुढे ओढला, त्याच्या आडव्या दांडीवर हात थोपटला आणि म्हणाली, "इथे टेक. आणि मला सांग, मसालेभातात काजू कोणी सांगितले घालायला?"